ट्रेलरवर कार नेणं : इंदूरहून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

बंद गाडी हलवायची वेळ आली की आपल्याकडे आधी सुचतं ते टोचन. दोर नाहीतर लोखंडी दांडी बांधायची, मागच्या गाडीत कुणीतरी स्टिअरिंग धरून बसायचं आणि जीव मुठीत धरून गॅरेज गाठायचं. गॅरेज दोन गल्ल्यांवर असेल तर हे एकवेळ चालून जातं. पण धुळ्याहून इंजिन नसलेली पद्मिनी आणायची असेल किंवा रॅलीची जिप्सी न चालवता नाशिकला पोचवायची असेल, तर चारही चाकं रस्त्यावरून उचलणारा ट्रेलरच हवा.

ट्रेलर ओढणं अवघड नाही, इंजिन ते काम निमूटपणे करतं. अवघड आहे ते थांबवणं आणि सरळ ठेवणं. या दोन्ही गोष्टी वजन किती आणि कुठे यावर ठरतात, आणि तेही घरून निघायच्या आधी. म्हणून पुढचा बराचसा मजकूर गाडी उभी असतानाच्या कामांबद्दल आहे.

वर्षातून एकदाच कार हलवायची असेल तर हा खटाटोप करू नका, फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक, बोलवा. ट्रेलर परवडतो तो वारंवार नेआण करणाऱ्याला.

कागद

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये 'मोटार वाहन' या व्याख्येतच ट्रेलर धरलेला आहे. म्हणून त्याला स्वतःची नोंदणी, स्वतःची नंबरप्लेट आणि विमा लागतो. लोहारकाम करणाऱ्याने चॅनेल जोडून दिलेला बिनकागदाचा ट्रेलर स्वस्त पडतो, पण अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न त्याच्याबद्दल विचारते. ट्रेलर भाड्याने घेत असाल तर आर.सी. आणि विमा बघूनच पैसे द्या. आणि ट्रेलरवरच्या कारमध्ये माणूस बसवायचा नाही, 'फक्त बायपासपर्यंत' म्हणूनही नाही.

कोणती गाडी ओढू शकते

आधी गाडीची पुस्तिका काढा. ट्रेलरचं कमाल वजन, हिचवरचं (ट्रेलर अडकवायला गाडीच्या मागे बसवतात त्या जोडावरचं) कमाल उभं वजन आणि गाडी व ट्रेलर मिळून एकूण किती, हे तीन आकडे शोधा. ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरची मर्यादा वेगवेगळी दिलेली असते आणि ब्रेक नसलेल्याची फारच कमी असते. 'ट्रेलर जोडू नये' असं छापलं असेल तर विषय संपला, शेजारच्या दादांची तीच गाडी कितीही वर्षं ओढत असली तरी.

चेसिसवाल्या गाड्या, म्हणजे बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, हायलक्स या जातीच्या, या कामाला बऱ्या. हिच चेसिसच्या दोन्ही दांड्यांना ८.८ किंवा त्याहून वरच्या ग्रेडच्या बोल्टांनी बसलेला हवा. मागच्या बंपरला वेल्डिंग करून लावलेला हूक शोभेचा असतो, त्यावर दीड टन टांगायचं नाही.

उदाहरणासाठी पद्मिनी घेऊ. कार साधारण ९०० किलो, दोन एक्सलचा ट्रेलर ६००, स्टेपनी आणि सामान ५०. झाले १५५० किलो. नवख्यांसाठी इंग्लंडमधल्या कॅरॅव्हानवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे: भरलेला ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपर्यंतच ठेवा. १८०० किलोच्या गाडीला हा आकडा १५३० येतो. म्हणजे आपली पद्मिनी काठाच्या वीस किलो पलीकडे जाते. पुस्तिकेने जास्त परवानगी दिली असली तरी पहिल्या फेरीला हा काठ ओलांडू नये असं आमचं मत आहे.

गोटी आणि कपलर

हिचच्या गोटीचा, म्हणजे ट्रेलरच्या तोंडाचा कपलर ज्यावर बसतो त्या गोळ्याचा, व्यास बघा, बहुतेक वेळा तो वरच कोरलेला असतो. युरोपी मापाची गोटी ५० मिमी असते, अमेरिकी दोन इंची ५०.८ मिमी. फरक एक मिलिमीटरचाही नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. ५० चा कपलर ५०.८ च्या गोटीवर पूर्ण बसत नाही, पण वरून बसल्यासारखा दिसतो. उलट जोडी खुळखुळते. कपलर आणि गोटी एकाच मापाची घ्या. ट्रॅक्टर-ट्रॉलीची खुंटी आणि कडी इथे नको. तिच्यात ढिलाई भरपूर असते, आणि साठच्या वेगाला ती प्रत्येक ब्रेकला दणका देते.

जोडताना कपलर गोटीवर उतरवा, खटका बंद करा, पिन घाला. मग जॉकी चाकाचा (ट्रेलरच्या तोंडाखालच्या छोट्या टेकू चाकाचा) दांडा फिरवून ट्रेलरचं तोंड वर उचला. ओढणाऱ्या गाडीचं बूड त्याबरोबर दोन-तीन सेंटिमीटर उचललं गेलं तर पकड खरी. कपलर निसटून वर आला तर बरंच, अंगणातच कळलं. ही परीक्षा झाल्यावर जॉकी चाक पूर्ण वर घेऊन आवळा. ते अर्धवट खाली राहिलं तर पहिल्याच गतिरोधकावर वाकतं.

सुरक्षा साखळ्या दोन असतात. कपलरखाली त्या एकमेकींना ओलांडून लावायच्या, डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे. कपलर सुटलाच तर ट्रेलरची दांडी साखळ्यांच्या झोळीत पडते, डांबरात रुतत नाही. लांबी इतकीच ठेवा की वळताना ताण येणार नाही आणि साखळी जमिनीला घासणार नाही. जास्त असेल तर साखळीला पीळ द्या. ब्रेक ओढणारी बारीक तार वेगळी असते. ट्रेलर सुटला की ती त्याचा हँडब्रेक ओढते आणि मग तुटते. ती गोटीच्या मानेभोवती नुसती अडकवू नका, हिचच्या पक्क्या कड्याला लावा.

जोडल्यावर लांब उभं राहून बाजूने बघा. ट्रेलरचा पाट, म्हणजे कार उभी राहते तो तळ, सपाट हवा, फार तर तोंडाकडे किंचित उतरता. उंच गाडीमुळे तोंड वर गेलं असेल तर गोटी खाली आणणारी पट्टी बसवा.

धर्मकाट्यावर

ट्रेलर डोलायला लागण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे गोटीवरचं वजन कमी असणं. भार मागे गेला की ट्रेलर शेपूट हलवू लागतो. उलट गोटीवर फार भार आला की ओढणाऱ्या गाडीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ लागतं. अमेरिकेत एकूण ट्रेलरवजनाच्या १० ते १५ टक्के भार गोटीवर ठेवतात, युरोपात ५ ते ७ टक्के. आपल्या १५५० किलोला ७ टक्के म्हणजे १०८ किलो आणि १० टक्के म्हणजे १५५. या पट्ट्यात राहा, पण हिचवर छापलेली मर्यादा ओलांडू नका. मर्यादा ७५ किलोच असेल तर तो हिच या ओझ्यासाठी नाहीच.

देवास नाक्याच्या बाजूला ट्रकांसाठीचे धर्मकाटे आहेत. तीन नोंदी घ्या. पहिली नुसत्या ओढणाऱ्या गाडीची. दुसरी ट्रेलर जोडलेला असताना, पण काट्यावर फक्त ओढणाऱ्या गाडीची चाकं. तिसरी सगळा लवाजमा काट्यावर असताना. दुसरीतून पहिली वजा केली की गोटीवरचा भार मिळतो, तिसरीतून पहिली वजा केली की ट्रेलरचं एकूण वजन. तिन्ही वेळा गाडीत तीच माणसं आणि तेवढंच डिझेल हवं. ट्रकांचा काटा पाच-दहा किलोंच्या टप्प्याने मोजतो, म्हणून गोटीचा आकडा अंदाजे समजा.

नेमका आकडा हवा असेल तर घरातला वजनकाटा चालतो, मात्र दीडशे किलो थेट त्याच्यावर ठेवले तर तो जाईल. चार फुटांची जाड फळी घ्या. एका टोकाखाली विटेवर पाइपचा तुकडा, दुसऱ्या टोकाखाली वजनकाट्यावर तसाच तुकडा, आणि दोन्ही पाइपांमध्ये बरोबर ३ फूट अंतर. काट्यावर आता दिसणारं फळीचं वजन लिहून ठेवा. मग विटेकडच्या पाइपपासून १ फुटावर लाकडी खुंट उभा करून त्यावर कपलर टेकवा, ट्रेलर नेहमीच्या उंचीला सपाट असेल अशा बेताने. काट्याच्या आकड्यातून फळीचं वजन वजा करा आणि तिनाने गुणा. ४२ आले तर गोटीवर १२६ किलो. ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावूनच हे करायचं. जॉकी चाक काट्यावर ठेवून मोजण्याचा सोपा मार्ग चुकीचा आहे. ते कपलरच्या मागे, एक्सलच्या जवळ असतं, त्यामुळे भार खऱ्यापेक्षा जास्त दिसतो.

भार कमी-जास्त करायचा तो कार पुढे-मागे सरकवून. गोटीपासून एक्सलांच्या मध्यापर्यंत ४ मीटर अंतर असेल, तर ९०० किलोची कार १० सेंटिमीटर पुढे घेतल्यावर गोटीवर सुमारे २२ किलो वाढतात. एकदा बरोबर जागा सापडली की पाटावर पुढच्या चाकासमोर रंगाची रेघ मारा, पुढच्या खेपेला मोजायला नको. कार उलटी चढवली की इंजिन मागे जातं आणि गोटीवरचा भार जवळजवळ नाहीसा होतो. बंद गाडी ढकलत चढवताना 'कशीही चढू दे' म्हणणाऱ्यांकडून ही चूक हमखास होते.

ब्रेक, टायर, दिवे

युरोपात ७५० किलोच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. तोच नियम स्वतःला लावून घ्या. साधारण ट्रेलरांत धक्क्यावर चालणारे ब्रेक असतात: ओढणारी गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो, कपलरचा दांडा आत दबतो आणि त्याने ब्रेक ओढले जातात. दांडा हाताने दाबून बघा. दमाने आत जायला आणि दमाने बाहेर यायला हवा. टक्कन आत गेला तर आतला डॅम्पर संपलेला आहे. जुन्या कपलरांत रिव्हर्स घेताना हेच ब्रेक लागतात, म्हणून त्यांना एक अडसर दिलेला असतो. रिव्हर्स झाल्यावर तो काढायचा विसरलात तर ट्रेलर ब्रेकशिवाय महामार्गावर निघतो.

टायरवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. '३२२१' म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वाळतात, खाचा छान दिसतात आणि बाजूच्या भिंतीला बारीक तडे गेलेले असतात. सहा वर्षांच्या वरचे बदला. हवा ट्रेलरच्या पाटीवर किंवा टायरवर छापलेल्या आकड्याइतकी, थंड टायरमध्ये भरा. कारसारखी तीस-बत्तीस पौंड भरली तर भरल्या वजनाखाली टायरची भिंत सतत दबते, तापते आणि फाटते.

प्रत्येक चाक जॅकवर उचलून फिरवा. खरखर ऐकू आली तर बेअरिंग उघडा, ग्रीस बदला. चाक वर-खाली धरून हलवा, खुटखुट नको. १२ मिमीच्या नटांना साधारण ९० ते ११० न्यूटन-मीटर ताण लागतो. बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा. चाक काढून बसवलं असेल तर ५० ते ८० किलोमीटरनंतर पाना पुन्हा लावा. आणि ट्रेलरची स्टेपनी वेगळी लागते, ओढणाऱ्या गाडीची त्याच्या बोल्टांवर बसेलच असं नाही.

सात पिनांच्या प्लगमध्ये जोडणी ठरलेली आहे: १ पिवळी डावा इंडिकेटर, २ निळी मागचा फॉगलाइट, ३ पांढरी अर्थ, ४ हिरवी उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवा टेललाइट, ६ लाल ब्रेकलाइट, ७ काळी डावा टेललाइट. इलेक्ट्रिशियनने हाताला लागतील त्या रंगांच्या तारा वापरल्या असतील, तर रंगावर न जाता पिननंबर बघा. एकाला मागे उभं करून एकेक दिवा लावा, मग ब्रेक आणि इंडिकेटर एकत्र. इंडिकेटर दिला की टेललाइट मिचकतोय, ब्रेक दाबला की सगळे मंदावतायत, असं काही विचित्र दिसलं तर बल्बच्या मागे लागू नका. तीन नंबरची पांढरी तार ढिली किंवा गंजलेली असते. पॉलिश पेपरने घासा, व्हॅसलिन लावा.

कार चढवताना

सपाट, पक्की जागा हवी. ट्रेलर जोडलेलाच असावा, ओढणाऱ्या गाडीचा हँडब्रेक वर, तिच्या चाकांना ठोकळे. ट्रेलरच्या मागच्या टोकाखालचे पाय खाली करा. पाय नसतील तर लाकडाचे ओंडके लावा. नाहीतर कार रॅम्पवर आली की मागचं टोक खाली जातं, तोंड उचलतं आणि त्याबरोबर ओढणाऱ्या गाडीची मागची चाकं हलकी होतात. हँडब्रेक मागच्याच चाकांवर असतो, तेव्हा पुढचा प्रकार वेगळा सांगायला नको.

रॅम्प ट्रेलरला पिनने अडकलेले हवेत. नुसते टेकवलेले रॅम्प पुढच्या चाकांनी मागे उडतात. कार खाली असेल आणि बंपर घासत असेल तर रॅम्पच्या जमिनीकडच्या टोकाखाली दोन इंची फळ्या घालून चढ लांबवा.

चढवण्याआधी एक गोष्ट मोजा: ट्रेलरच्या मडगार्डमुळे कारचं दार उघडेल का? बरेचदा उघडत नाही आणि चढवणारा आत अडकतो. मडगार्ड निघत नसेल तर खिडकीच्या काचा आधी खाली करा.

बंद कार विंचने, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या चक्रीने, चढवा. १५ अंशांच्या रॅम्पवर ९०० किलोची कार साधारण २३५ किलोच्या ओढीने मागे येऊ बघते. टायर बसलेले किंवा ब्रेक चिकटलेले असतील तर याच्या दुप्पट धरा. टनाची हातविंच पुरते. विंच काम करत असताना दोराच्या रेषेत आणि कारच्या मागे कुणीही उभं राहू नये. सांगणारा एकच माणूस असावा, बाजूला, चालवणाऱ्याला दिसेल असा. तीन काका तिन्ही बाजूंनी 'येऊ द्या', 'डावीकडे काटा', 'बस बस' ओरडत असतील तर काम थांबवा. सांगणारा आरशातून दिसेनासा झाला की गाडी थांबलीच पाहिजे, हे आधी ठरवून घ्या.

पट्टे

इथे घाई करू नका. पट्टा ५० मिमी रुंद, रॅचेटवाला (दांडा मागे-पुढे करून आवळायचा), लेबल शिवलेला हवा. लेबलवर सरळ ओढीची क्षमता २५०० डेकान्यूटन असावी, म्हणजे सुमारे अडीच टन. इंदूरच्या सियागंज बाजारात बिनलेबलचे पट्टे निम्म्या भावात मिळतात. ते ताडपत्री बांधायला ठीक आहेत.

युरोपी हिशोबात माल पुढे सरकू नये म्हणून वजनाच्या ०.८ पट आणि मागे व बाजूंना ०.५ पट जोर धरतात. पद्मिनीला पुढच्या दिशेने ७२० किलो. कारला पुढे जाण्यापासून अडवतात ते तिच्या मागून मागे ओढणारे पट्टे, म्हणून ब्रेकच्या वेळी सगळा ताण मागच्या जोडीवर येतो. लोक पुढचे पट्टे जीव लावून आवळतात आणि मागचे उरकतात. व्हायला हवं ते उलट.

कुठे बांधायचं याबाबत आमची पसंती चाकांना. टायरवरून जाणारा, तीन जागी पकडणारा पट्टा चाकाला पाटावर दाबून धरतो आणि कार तिच्या स्प्रिंगवर वर-खाली होत राहिली तरी ढिला पडत नाही. बॉडीला किंवा चेसिसला बांधलं तर स्प्रिंग दाबून बांधावं लागतं. मग खड्ड्यात कार आणखी बसते, क्षणभर पट्टा सैल होतो आणि उघडा हूक गळून पडतो. एक्सलला बांधणार असाल तर खाली वाकून नीट बघा. पद्मिनीच्या मागच्या सलग एक्सलवरून ब्रेकचा पाइप गेलेला असतो, पट्टा त्याच्यावर आला की पाइप चेपतो. बंपर, स्टिअरिंगचे रॉड, सायलेन्सर यांना काही बांधायचं नाही.

आवळताना कार न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक खाली असू द्या, म्हणजे चारही पट्ट्यांत ताण सारखा वाटला जातो. आधी पुढची जोडी हाताला घट्ट लागेल इतपत, मग मागची पूर्ण, पुन्हा पुढची. रॅचेटच्या रिळावर दोन-तीन वेढे असावेत. एकच वेढा असेल तर पट्टा सरकतो, फार झाले तर रॅचेट अडकतो आणि उतरवताना हातोडा आणावा लागतो. मोकळ्या लांब पट्ट्याला एक पीळ दिलात तर तो वाऱ्यावर फडफडत नाही. उरलेलं टोक बांधून टाका, चाकात गेलं तर पट्टाच फाडतं. शेवटी कार पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक वर, काचा बंद, बॉनेटचा खटका नीट लागलेला. जुन्या बॉनेटवर विश्वास नसेल तर एक दोरी घ्या. ताडपत्री पांघरू नका, साठच्या वाऱ्यात ती रंगावर घासत राहते.

१० ते १५ किलोमीटरवर थांबून चारही रॅचेट पुन्हा एकेक खटका ओढा. हमखास जागा निघते, कारण टायर आणि पट्टे बसतात. पुढे दर ८० ते १०० किलोमीटरला.

आधी मैदानात

रविवारी सकाळी, पोह्या-जिलेबीच्या गाड्यांवर गर्दी व्हायच्या आत, दसरा मैदान किंवा सुपर कॉरिडॉरच्या बाजूची मोकळी जागा गाठा. ट्रेलर रिकामा, चार विटा खुणेला.

रिव्हर्ससाठी हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा, सहाच्या काट्यावर. ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात सरकवा. वळायला लागलं की लगेच हात उलट नेऊन गाडीची पुढची चाकं त्याच्या मागे घाला, नाहीतर कोन वाढत जातो आणि ट्रेलरची दांडी बंपरला भिडते. कोन हाताबाहेर जातोय असं वाटलं की थांबा, पुढे घ्या, सरळ करा. आखूड ट्रेलर पटकन वळतो, लांब सावकाश, म्हणून शिकायला लांबच बरा. शक्यतो उजवीकडे रिव्हर्स घ्या, चालवणाऱ्याला मान वळवून ट्रेलर दिसतो. डावीकडे सगळा भरवसा आरशावर.

वळणावर ट्रेलरची चाकं आतून जातात. गल्लीत डावीकडे वळताना नेहमीपेक्षा पुढे जाऊन वळा, नाहीतर कोपऱ्यावरचा विजेचा खांब ट्रेलरच्या वाट्याला येतो.

रस्त्यावर

पहिली फेरी देवासपर्यंतची ठेवा, दिवसा, पाऊस नसताना. वेग ६०. ८० ने चालवलं तर ब्रेकांना पेलायची ऊर्जा पावणेदोन पटीहून जास्त होते, पोचण्यात मात्र काही मिनिटांचाच फरक. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर. गतिरोधकावर पुढची चाकं, मागची चाकं आणि मग ट्रेलरची, सगळी उतरेपर्यंत अॅक्सिलरेटरला हात नाही, म्हणजे पाय नाही. टोलनाक्यावर कडेची रुंद रांग, पंपावर ट्रकांची बाजू.

पहिल्या थांब्यावर हबला हात लावून बघा. कोमट ठीक. एकाच हबला हात ठेववत नसेल तर तिथलं बेअरिंग आवळलंय किंवा ब्रेक चिकटलाय, पुढे जाऊ नका.

ट्रेलर डोलायला लागला, बहुतेकदा उतारावर किंवा शेजारून बस गेल्यावर, तर स्टिअरिंग सरळ घट्ट धरा आणि अॅक्सिलरेटर सोडा. एवढंच. डोलण्याच्या उलट स्टिअरिंग फिरवायला गेलात की तुमचा हात अर्धा झोका उशिरा पोचतो आणि डोल वाढतो. पायाचा ब्रेक जोरात दाबलात तर ट्रेलर मागून रेटतो आणि आडवा होतो. वेग वाढवून सरळ करू बघणं त्याहून वाईट. डोल थांबला की बाजूला घ्या आणि गोटीवरचं वजन तपासा. वारा हे निमित्त असतं, मूळ दोष बहुधा तिथेच निघतो.

मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याकडे जाणाऱ्यांनी घाटाचा हिशोब आधी करावा. इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि खलघाटाला नर्मदा ओलांडेपर्यंत आपण साधारण ४०० मीटर खाली येतो. ही सगळी उतरण नुसत्या ब्रेकवर काढायची म्हटली, तर ६० च्या वेगातून २८ वेळा पूर्ण थांबण्याइतकी उष्णता तयार होते, मग गाडी कितीही वजनाची असो. वारा आणि टायर त्यातला वाटा उचलतात, बाकीचा इंजिनने उचलायला हवा. गणपती घाटात ब्रेक निकामी होऊन इतके अपघात झाले की नवा वळणरस्ता बांधावा लागला. उतार सुरू व्हायच्या आधीच दुसरा किंवा तिसरा गिअर टाका. वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही. ऑटोमॅटिकमध्ये हाताने गिअर धरून ठेवा. ब्रेक ठेवून दिल्यासारखा दाबू नका. वेग ४५ ला पोचला की ठाम दाबून ३० वर आणा आणि पूर्ण सोडा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे ट्रक दिसतील, त्यांच्या पुढे राहू नका.

यात एक बारकावा आहे. धक्क्याचे ब्रेक असलेल्या ट्रेलरमध्ये इंजिनने वेग रोखला तरी कपलर दबलेलाच राहतो, त्यामुळे लांब उतारावर ट्रेलरचे ब्रेक सतत लागलेले असतात. जळका वास आला तर सपाट जागी थांबून अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो. चाकांना ठोकळे लावा आणि ट्रेलरचा हँडब्रेक मात्र ओढू नका, तापलेले लायनर ड्रमला चिकटतात.

उतरवताना

उलट क्रम, पण एक अदलाबदल लक्षात ठेवा: आधी मागच्या टोकाचे पाय किंवा ओंडके, मग पट्टे. विंचचा दोर शेवटपर्यंत कारला लावलेला असू द्या, तिचे ब्रेक चालत असले तरी. शेवटचा पट्टा सोडताना कार किंचित सरकते, त्या वेळी पाय चाकासमोर नको. ट्रेलर सोडायचा तो चाकांना ठोकळे लावून, जॉकी चाक टेकवून, आणि मग साखळ्या, ब्रेकची तार, प्लग, सगळ्यात शेवटी कपलरचा खटका. प्लग राहिला आणि गाडी पुढे गेली तर तारा मुळासकट निघतात. पट्ट्यांना माती लागली असेल तर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. कडेला चीर पडलेला पट्टा कापून टाका, म्हणजे दुसरं कुणी तो उचलून वापरणार नाही.